लाल, पिवळा, निळा

ईदला एक जुना विद्यार्थी भेटायला आला. पुण्यात संगणकाचं काम करतो. आयसीयूतल्या रुग्णाचे ठोके, ऑक्सिजन, रक्तदाब... वेगवेगळ्या यंत्रांतून अखंड येणारे माहितीचे प्रवाह वाहता वाहताच जोडायचे, हे त्याचं काम. "नवीन शास्त्र आहे, सर," म्हणाला. शिरखुर्म्याची वाटी त्याच्या हातात देऊन मी त्याला १९४० च्या लंडनजवळ नेलं.

स्टॅनमोरची बेंटली प्रायरी ही हवेली म्हणजे ब्रिटिश फायटर कमांडचं मुख्यालय. प्रमुख ह्यू डाउडिंग. किनाऱ्यावरची रडार केंद्रं समुद्राकडे पाहत. त्यांना विमानाचं अंतर बऱ्यापैकी नेमकं कळे, दिशा कच्ची. म्हणून फिल्टर रूममध्ये दोन केंद्रांनी दिलेली अंतरं नकाशावर कमानीसारखी धरत. त्या छेदतील तिथे विमान. किनारा ओलांडला की रडार निरुपयोगी. पुढचं काम ऑब्झर्व्हर कोअरचं, म्हणजे उघड्यावर बसलेल्या माणसांच्या डोळ्यांचं आणि कानांचं. त्यांचे निरोप वेगळ्या टेलिफोनवरून येत. दोन्हींची गाठ ऑपरेशन्स रूमच्या टेबलावर पडे.

खरी अडचण वेळेची होती. एक निरोप आत्ताचा, दुसरा काही मिनिटांपूर्वीचा. दोन्ही सारखेच दिसले तर एका टोळीच्या दोन होतात. तोडगा शाळेतल्या तक्त्याइतका साधा. भिंतीवरच्या घड्याळावर पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे पट्टे. मिनिटकाटा ज्या रंगावर, त्याच रंगाची सोंगटी टेबलावर. शिळी माहिती रंगानेच ओळखू येई.

"सर, याला आम्ही विंडो म्हणतो!" तो हसला.

त्या सोंगट्या सरकवणाऱ्यांत महिला दलातल्या तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. पुस्तकांत फोटो मात्र वैमानिकांचे.

मग मी त्याला एक वर्ष मागे नेलं. ६ सप्टेंबर १९३९, ब्रिटन युद्धात उतरून तीनच दिवस झालेले. आपलीच विमानं शत्रूची समजली गेली. स्पिटफायर विमानांनी दोन हरिकेन पाडली. माँटेग्यू हल्टन-हॅरप हा वैमानिक ठार झाला. रडारला पुढचं विमान आणि पाठीमागचं विमान यांतला फरक कळला नाही, असं एक कारण सांगतात. तसं असेल तर घड्याळ आणि सोंगट्या कितीही बरोबर असोत, येणारा प्रवाहच खोटा होता.

त्याचा चमचा वाटीतच थांबला. "मग काय केलं त्यांनी?"

रडारची लहर आदळली की 'मी आपला' असं उत्तर देणारं यंत्र आपल्या विमानांत बसवण्याच्या कामाला वेग आला, मी सांगितलं. त्याने मोबाईल काढून काहीतरी टिपून घेतलं.