एका ग्रंथीची कुळकथा

१८५३ साली लंडन हॉस्पिटलमधील जॉन ॲडम्स या शस्त्रवैद्याने प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा एक रुग्ण सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने तपासून नोंदवून ठेवला, आणि हा आजार फारच दुर्मिळ आहे असा शेराही मारला. आज जगभरच्या पुरुषांच्या कर्करोगांत फुप्फुसाच्या खालोखाल याचाच क्रमांक लागतो. तरी ॲडम्सला नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्या काळी पुष्कळ माणसे म्हातारपण येण्याआधीच जात, आणि जी मागे राहत त्यांचे लघवीचे दुखणे ‘वयोमानाप्रमाणे चालायचेच’ या सदरात जमा होई. आपल्याकडे ते अजूनही तिथेच जमा होते. आजोबा रात्री चार वेळा उठतात हे घरात सर्वांना ठाऊक असते; बोलत मात्र कोणीच नाही.

मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली ही अक्रोडाएवढी ग्रंथी वृषणांच्या हुकमात वागते, ही गोष्ट जुनीच. खच्ची केलेल्या जनावरांत ती खुरटते असे जॉन हंटरने १७८६ मध्येच लिहिले होते. बैल बडवणाऱ्या आपल्या शेतकऱ्यालाही त्याचे फारसे नवल वाटले नसते. प्रश्न पुढचा होता. ग्रंथीला कर्करोग झाला, तर त्या बिथरलेल्या पेशी तरी हुकूम मानतात का? कर्करोगाची पेशी म्हणजे बंडखोर, ती कोणाचेच ऐकत नाही, अशीच तेव्हाच्या वैद्यकाची समजूत होती.

ही समजूत मोडली चार्ल्स हगिन्सने. कॅनडातील हॅलिफॅक्सचा हा माणूस १९२७ साली शिकागो विद्यापीठात आला. मूत्ररोगांची शस्त्रक्रिया हा काही त्याचा आधीपासूनचा विषय नव्हे. तो त्याने तिथेच अंगावर पडल्यावर शिकून घेतला. त्याने कुत्र्यांवर प्रयोग मांडले. प्रोस्टेटचा स्राव मूत्रापासून वेगळा गोळा करायचा आणि रोज मोजायचा, एवढेच काम. वृषण काढले की स्राव आटे. पुरुष संप्रेरक टोचले की पुन्हा वाहू लागे. मधूनच एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या ग्रंथीत गाठ निघे आणि सगळी मोजदाद फुकट जाई. प्रथम ही कटकट वाटली. पुढे हगिन्स तसलीच कुत्री शोधू लागला! मला या माणसाचे कौतुक वाटते ते इथे. नोबेल वगैरे नंतरच्या गोष्टी.

माणसांकडे वळताना त्याला एक माप आयते मिळाले. हा कर्करोग हाडांत पसरला की रक्तातील ॲसिड फॉस्फटेज नावाचे विकर वाढते, असे न्यूयॉर्कच्या गटमन दांपत्याने १९३८ मध्ये दाखवले होते. हगिन्स व त्याचा विद्यार्थी क्लॅरेन्स हॉजेस यांनी रुग्णांचे वृषण काढले, तर कोणाला स्त्री संप्रेरक दिले, विकर उतरले. पुरुष संप्रेरक टोचताच ते चढले. १९४१ साली हे प्रसिद्ध झाले. हाडांच्या वेदनांनी अंथरुणाला खिळलेली माणसे उठून बसली, जेवू लागली. किंमत लहान नव्हती, हे मी लपवणार नाही. पण ती मोजलेल्या पुष्कळांना आयुष्य मिळाले. १९६६ मध्ये हगिन्सला नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र बहुतेकांचा रोग काही काळाने परत येई. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीही थोडे पुरुष संप्रेरक बनवतात हे ओळखून हगिन्सने १९४५ मध्ये त्याही काढून पाहिल्या. त्यांची उणीव भरून काढणारे औषध तेव्हा हाताशी नव्हते; प्रयोग फसला. विचार मात्र बरोबर होता. अधिवृक्क ग्रंथींसह सर्वत्र त्या संप्रेरकाची घडण थांबवणारी ॲबिरॅटेरोनची गोळी अमेरिकेत मान्य झाली ती २०११ साली.

रोग परत का येतो, याचे एक उत्तर जनुकांत सापडले. संप्रेरकाचा निरोप झेलणाऱ्या ग्राहीचे जनुक १९८८ मध्ये हाती आले, आणि १९९५ मध्ये दिसून आले की उलटलेल्या काही गाठींत त्याच्या जादा प्रती तयार झालेल्या असतात. मालकाने आवाज बारीक केला, तर गड्याने चार कान लावावेत, तसे हे! २००५ साली मिशिगनच्या अरुल चिन्नय्यन यांच्या चमूने आणखी एक खोड पकडली. पुरुष संप्रेरकाच्या हाकेने जागे होणारे टीएमपीआरएसएस-२ हे जनुक पुष्कळ गाठींत तुटून पेशींची वाढ चेतवणाऱ्या ईआरजी जनुकाला जोडले जाते. मग हाक एकाला आणि उठतो दुसराच.

ही मोडतोड त्या माणसाच्या गाठीपुरती. ती मुलांकडे जात नाही. वारशाने जाणारे दोष वेगळे. त्यांतला ठळक बीआरसीए-२ या जनुकातला. १९९५ मध्ये ते ओळखले गेले ते स्तनाच्या कर्करोगाचा माग काढताना. तेराव्या गुणसूत्रावर असल्याने त्यातला दोष मुलाला वडिलांकडून येतो तसाच आईकडूनही येतो. प्रोस्टेटचा रुग्ण समोर आला की जाणते डॉक्टर त्याच्या बापाभावांबरोबर आईची, मावशीची, आत्याचीही दुखणी विचारून घेतात, ती याचसाठी.