अभ्यासक्रम, शालेय : नागपूर प्रदेशातील विकास

विद्यार्थ्याच्या शारीरिक, बौद्धिक, भावनिक व सामाजिक विकासासाठी शाळेने हेतुपूर्वक योजलेल्या सर्व अनुभवांचा समुच्चय म्हणजे शालेय अभ्यासक्रम. एखाद्या इयत्तेत एखाद्या विषयाचा किती भाग शिकवावयाचा, याच्या तपशिलास पाठ्यक्रम म्हणतात. अभ्यासक्रमाची कल्पना त्याहून व्यापक असून तीत अध्ययनाचे विषय, हस्तकौशल्ये, खेळ, शाळेतील सामुदायिक जीवन व मूल्यमापन या सर्वांचा समावेश होतो. अभ्यासक्रमात काय घ्यावे व काय वगळावे, हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा नसतो. समाज कोणत्या ज्ञानाला प्रतिष्ठा देतो, हेही त्यातून व्यक्त होते. नागपूर शहर व तेथून सु. ७५ किमी. अंतरावरील वर्धा या परिसरात सु. दीड शतकाच्या काळात अभ्यासक्रमाचे जे प्रयोग झाले, त्यांवरून ही गोष्ट स्पष्ट होते.

नागपूरचा महाल हा भाग भोसल्यांच्या राजवाड्याभोवती वाढला. दरबार, दप्तरे व सावकारी पेढ्या यांना लेखनिक व हिशेबनीस लागत. पंतोजींच्या शाळेतील शिक्षण या गरजेला धरून होते. धुळाक्षरे, मोडी वाचन-लेखन, पत्रांचे मायने, पाढे तसेच पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांची उजळणी एवढाच त्याचा आवाका असे. संस्कृत विद्येच्या पाठशाळा वेगळ्या होत्या. शेती, विणकाम, सुतारकाम इ. व्यवसायांचे शिक्षण घरीच, जातिपरंपरेने मिळे. अक्षरज्ञान व हस्तकौशल्य यांची ही फारकत पुढील सर्व अभ्यासक्रमांना वारसा म्हणून लाभली.

स्टीव्हन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढली. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये मृत्यू पावल्यावर राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि पुढील वर्षी प्रांताचे शिक्षणखाते स्थापन करण्यात आले. वुडच्या १८५४ च्या खलित्यातील धोरणानुसार सरकारी व अनुदानित शाळांची श्रेणीबद्ध रचना झाली. इतिहास, भूगोल, विज्ञान, बीजगणित, भूमिती यांसारखे विषय प्रथमच सामान्य विद्यार्थ्यापर्यंत पोहोचले, हा या अभ्यासक्रमाचा मोठा लाभ होय. हिस्लॉप महाविद्यालय (१८८३) व मॉरिस महाविद्यालय (१८८५) निघाल्यावर मात्र माध्यमिक शाळांचे लक्ष विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेवर केंद्रित झाले. येथील उच्च शिक्षण आधी कलकत्ता व नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी जोडलेले होते. त्यामुळे नागपूरच्या मुलाने काय शिकावे, हे दूरच्या परीक्षामंडळांकडून ठरू लागले. परीक्षेत नसलेला विषय वेळापत्रकात असूनही गौण ठरला.

या शिक्षणाविरुद्धच्या असंतोषाला डिसेंबर १९२० मधील काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात राष्ट्रीय स्वरूप प्राप्त झाले. असहकाराच्या ठरावात सरकारी शाळांतून मुले काढून घेणे व राष्ट्रीय शाळा स्थापन करणे यांचा समावेश होता. राष्ट्रीय शाळांनी मातृभाषा, स्वदेशाचा इतिहास व सूतकताई यांना स्थान दिले. पण निधी व मान्यता यांच्या अभावी त्यांपैकी बहुतेक अल्पजीवी ठरल्या. १९२२ च्या सुमारास मध्य प्रांतातील माध्यमिक शाळांत देशी भाषांचे माध्यम स्वीकारण्यात आले, ही या काळातील टिकाऊ सुधारणा होय. इंग्रजी वाक्ये पाठ करण्यात खर्च होणारी विद्यार्थ्याची शक्ती त्यामुळे विषयाच्या आकलनाकडे वळू शकली.

अभ्यासक्रमाची सर्वांत मूलगामी पुनर्रचना वर्धा येथे सुचविण्यात आली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षणपरिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा प्रभृती तिचे सदस्य होते. समितीने ७ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी मातृभाषेतून सात वर्षांचा अभ्यासक्रम सुचविला. शाळेच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी, ४० मिनिटे मातृभाषेसाठी, ४० मिनिटे संगीत, चित्रकला व गणितासाठी आणि ३० मिनिटे सामाजिक अभ्यास व सामान्य विज्ञानासाठी होती. उर्वरित वेळ शारीरिक शिक्षण व मधली सुटी यांसाठी होता.

उद्योग हा आणखी एक विषय म्हणून नव्हे, तर इतर विषयांचे माध्यम म्हणून योजला होता. टकळीवर सूत काढताना तारा मोजण्यातून गणित, कापसाच्या लागवडीतून भूगोल व विज्ञान आणि हातमागाच्या ऱ्हासातून इतिहास शिकवावा, या पद्धतीस ‘समवाय’ असे नाव आहे. मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचे वेतन निघावे, या कल्पनेवर मात्र परिषदेतच आक्षेप घेण्यात आला. शाळेचा कारखाना होऊन मुलांचे श्रम राबविले जातील, ही के. टी. शाह यांच्यासारख्या टीकाकारांची भीती निराधार नव्हती.

याच सुमारास मध्य प्रांताचे शिक्षणमंत्री व पुढे पंतप्रधान (मुख्यमंत्री) झालेले रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. शाळा नसलेल्या खेड्यांत दानात मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवाव्या व शिक्षकास दरमहा १५ रु. वेतन द्यावे, असे तिचे स्वरूप होते. ‘मंदिर’ या नावास मुस्लिमांकडून विरोध झाला. अभ्यासक्रमाचा आशय कितीही उपयुक्त असला, तरी शाळा आपली आहे असे सर्व पालकांना वाटणे आवश्यक असते, हे या वादातून दिसले. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर योजनेची गती खुंटली.

स्वातंत्र्योत्तर काळात मूलोद्योग शिक्षणाचा अधिकृत पुरस्कार होऊनही ते मागे पडले. प्रशिक्षित शिक्षक व कच्चा माल यांची टंचाई हे त्याचे एक कारण; पण मूळ कारण अधिक खोल आहे. नागपूरच्या जुन्या पेठांतील विणकराला मुलाने शाळेत जाऊन पुन्हा सूतच काढावे, हे पटणे कठीण होते. त्याच्या दृष्टीने शाळा ही पिढीजात कष्टांतून सुटण्याची वाट होती. पांढरपेशा पालकाला उद्योगात प्रतिष्ठा दिसत नव्हती. दोघांनाही मॅट्रिकचे प्रमाणपत्र हवे होते आणि त्या परीक्षेत उद्योगाला मोल नव्हते. शाळेत श्रमाचे महत्त्व सांगितले जात असता समाज श्रमाला कमी दाम देत राहिला.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची आणि ईश्वरभाई पटेल समितीने (१९७७) समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली. महाराष्ट्रातील शाळांत कार्यानुभव हा विषय आला. पण अनेक ठिकाणी तो आठवड्यातील एकदोन तासिकांपुरता व कागदाच्या वस्तूंपुरता उरला. सेवाग्राम येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेने नई तालीमच्या तत्त्वांवर पुन्हा काम आरंभिले. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० मध्येही सहावीपासून व्यवसायांचा परिचय व दप्तराविना दहा दिवस यांची तरतूद आहे.

या इतिहासावरून असे दिसते, की अभ्यासक्रमाचे परिणाम त्याच्या लिखित आराखड्यापेक्षा परीक्षा, शिक्षक व समाजातील श्रमप्रतिष्ठा यांवर अधिक अवलंबून असतात. हात व बुद्धी यांचा मेळ घालणारा अभ्यासक्रम केवळ गरिबांच्या मुलांसाठी राखला गेला, तर तो त्यांना जन्मसिद्ध व्यवसायाशी जखडणारा ठरतो. सर्वांसाठी समान ठेवला व पुढील शिक्षणाच्या वाटा त्यास जोडल्या, तरच तो विकासाचे साधन होतो.