घारापुरी : दिव्याखालचे बेट

कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याचे. येथून समुद्र दिसत नाही; पण येथील पाणी समुद्राचीच वाट धरते. कर्जतची उल्हास नदी वसईच्या खाडीकडे जाते, तर खालापूरची पाताळगंगा धरमतरच्या खाडीवाटे मुंबई बंदराच्या पाण्यात मिसळते. त्याच बंदरात, आपल्याच रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात, घारापुरी हे लहानसे बेट आहे.

दोन टेकड्या व त्यांच्यामधील अरुंद दरी, एवढाच या बेटाचा विस्तार. पश्चिमेच्या टेकडीत सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेले शैव लेणे असून तेथील त्रिमुख सदाशिवाची मूर्ती जवळजवळ ६ मीटर उंच आहे. पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर या तीन गावांत येथील वस्ती आहे.

१५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातचा सुलतान बहादुरशाह याच्याकडून हा टापू पोर्तुगीजांकडे आला. किनाऱ्यावरील दगडी हत्तीवरून त्यांनी बेटास ‘एलिफंटा’ म्हटले. याच सत्तेच्या काळात उत्तर कोकणातील आपल्या अनेक पूर्वजांना ख्रिस्ती श्रद्धा लाभली. म्हणूनच त्या काळाकडे आपण प्रांजळपणे पाहिले पाहिजे. १५३८-३९ च्या समुद्रप्रवासात जुआंव द कास्त्रो या पोर्तुगीज सरदाराने लेण्यांची मनःपूर्वक प्रशंसा केली. परंतु लेण्यातील शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे धाडण्यात आला, तेथे तो वाचणारा कोणी मिळाला नाही आणि पुढे तो नाहीसा झाला, असे इतिहासकार दियोगो दो कूतो याने नमूद केले आहे. लेणे कोणी खोदविले याचा लेखी पुरावा त्याबरोबर गेला. इंग्रजी अमदानीत, १८६४ मध्ये, भंगलेला हत्तीही मुंबईस नेण्यात आला. आज तो भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

बेटाकडून असे पुष्कळ घेतले गेले. त्यास मिळाले काय? १९१५ मध्ये आपल्या खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावरचे पाणी येथे उतरून वीज देते व पाताळगंगेला मिळते. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. समोरची मुंबई रात्रभर झगमगत असे आणि घारापुरीचे रहिवासी संध्याकाळच्या काही तासांच्या जनरेटरवर दिवस काढीत. १९८७ मध्ये लेण्यांस जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तरी गावांत अंधारच होता. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून कायमची वीज पोहोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, म्हणजे खोपोलीनंतर १०३ वर्षांनी!

‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाला प्रभू येशूने दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगून उत्तर दिले. याजक व लेवी यांना जखमी माणूस दिसला होता. ते वळसा घालून गेले, एवढेच. धर्मग्रामाची सहल घारापुरीला जाईल तेव्हा मुलांना लेणी अवश्य दाखवावीत. मात्र परतीच्या लाँचची वेळ होण्यापूर्वी त्या तीन गावांतूनही एक फेरी मारावी. आपल्या नदीचे पाणी जेथवर जाते, तेथवर आपला शेजार आहे.