दुवा कुणाचा? एका छोट्या फाइलीचा इतिहास

जयपूरच्या मुरलीपुरा भागात भाजीच्या गाडीवर टांगलेला क्यूआर कोड फोनपुढे धरला, की पैसे भरण्याचे अ‍ॅप उघडते. त्या चौकटीत दडलेला पत्ता ‘यूपीआय’ या उपसर्गाने सुरू होतो. असा पत्ता समोर आल्यावर कोणते अ‍ॅप उघडावे, हे कोण ठरवते? प्रश्न साधा आहे. त्यामागचा इतिहास मात्र विश्वासाचा आहे.

स्मार्टफोनच्या आरंभकाळी प्रत्येक अ‍ॅप आपल्यापुरता एक उपसर्ग जाहीर करीत असे. त्यावर कुणाचीच मालकी नव्हती. दोन अ‍ॅपनी एकच उपसर्ग सांगितला, तर अँड्रॉइड वापरकर्त्यापुढे यादी ठेवी. आयफोनवर दुवा कोणाच्या वाट्याला जाईल याचा निश्चित नियमच नव्हता. बनावट अ‍ॅपला दुवा मधल्यामध्ये पळवण्यास ही वाट मोकळी होती.

२०१५ साली अ‍ॅपलने आयओएस ९ मध्ये आणि गूगलने अँड्रॉइड ६ मध्ये त्यावर तोडगा आणला. संकेतस्थळाच्या मालकाने आपल्या सर्व्हरवर ठरलेल्या जागी एक छोटी फाइल ठेवायची आणि तीत आपले अ‍ॅप कोणते ते नोंदवायचे. अ‍ॅपनेही त्या संकेतस्थळाचे नाव सांगायचे. दोन्ही कबुल्या जुळल्या, तरच दुवा थेट अ‍ॅपमध्ये उघडतो. अँड्रॉइडच्या फाइलीत अ‍ॅपच्या स्वाक्षरी-प्रमाणपत्राचा ठसाही असतो. त्यामुळे नुसते नाव चोरून भागत नाही.

ही फाइल म्हणजे दुव्याचा सातबारा. पण उतारा जुना झाला तर? प्रारंभी फोन ही फाइल मुख्यतः अ‍ॅप बसवताना वा अद्ययावत करताना तपासत असे. मधल्या काळात मालकाने नोंद बदलली, तरी फोनजवळ जुनीच नक्कल राही. २०२० मध्ये आयओएस १४ पासून अ‍ॅपलचे मध्यस्थ सर्व्हर ही फाइल २४ तासांच्या आत मागवू लागले, आणि फोन साधारण आठवड्यातून एकदा बदल तपासू लागले. २०२१ च्या अँड्रॉइड १२ ने पडताळणी न झालेले संकेतस्थळाचे दुवे सरळ ब्राउझरकडे वळवले. अँड्रॉइड १५ पासून तर अ‍ॅप अद्ययावत न करताही फाइल ठरावीक काळाने पुन्हा वाचली जाऊ लागली. मालकी एकदा सिद्ध करून पुरत नाही, ती ताजी ठेवावी लागते, हा या वाटचालीचा धडा.

आता पुन्हा भाजीच्या गाडीकडे वळू. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाने ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआयचा आरंभ केला. त्याचा उपसर्ग सर्वांना सामाईक आहे. कोणत्याही बँकेचे अ‍ॅप तो वाचू शकते. यूपीआयच्या सर्वसमावेशकतेचे एक मर्म इथेच आहे. पण जो पत्ता कुणा एकाच्या संकेतस्थळाचा नाही, त्याची साक्ष कोणती फाइल देणार? अ‍ॅप निवडण्याचे काम म्हणूनच यादीवर आणि आपल्या बोटावर येते.

तेव्हा अनोळखी ठिकाणचे अ‍ॅप फोनमध्ये घेऊ नये, आणि पिन टाकण्यापूर्वी पडद्यावरील पैसे घेणाऱ्याचे नाव एकदा वाचावे. इथला सातबारा आपल्यालाच तपासायचा आहे.