नमुना नोंदी (डेटाबेस)

टेबलांची रचना तपासण्यासाठी किंवा शिकवण्यासाठी त्यांत भरलेल्या बनावट, पण वास्तवाला धरून असलेल्या ओळी. रोजच्या बोलण्यात ‘डमी डेटा’. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत माहिती टेबलांत राहते. एसक्यूएलमध्ये नवी ओळ ‘इन्सर्ट इन्टू’ने भरतात.

ओरॅकलच्या ‘एम्प’ (१४ ओळी) आणि ‘डेप्ट’ (४ ओळी) या टेबलांवर कित्येक विद्यार्थी शिकले. त्यांतल्या ४० क्रमांकाच्या विभागात एकही कर्मचारी नाही आणि अध्यक्षाच्या वरिष्ठाचा रकाना ‘नल’ आहे. असे अपवाद नसतील, तर नमुन्याचा उपयोग निम्मा होतो.

सौंसरवरून हे नीट कळते. मध्य प्रदेशातली ही तहसील छिंदवाडा जिल्ह्यात होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि ती त्यात गेली. तहसिलीच्या टेबलात जिल्हा-क्रमांक ही फॉरेन की असेल, तर पांढुर्णा जिल्ह्याची ओळ आधी हवी. नसल्यास डेटाबेस सौंसरची ओळ घेतच नाही. जुनी ओळ नुसती ‘अपडेट’ केली, तर २०२२ चे संत्र्याचे पीकही पांढुर्णा जिल्ह्याच्या नावावर दिसू लागते. इतिहास टिकवायचा, तर तहसील, जिल्हा आणि ‘केव्हापासून’ अशा रकान्यांचे वेगळे टेबल करून सौंसरच्या दोन ओळी भराव्या लागतात. तिथे प्रायमरी की एकट्या तहसिलीवर असली, तर दुसरी ओळ शिरत नाही. रचनेतली चूक अशी दोन ओळींतच उघडी पडते.

लिपीचीही परीक्षा घ्यावी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. मात्रा, अनुस्वार धरून ‘सौंसर’ची चिन्हे ५, म्हणजे १५ बाइट, ‘पांढुर्णा’चे २७. रकान्याची लांबी १० बाइट ठेवली असेल, तर ‘सौंसर’सुद्धा मावत नाही. सगळे नमुने रोमन लिपीत भरणाऱ्याला हा दोष दिसणारच नाही.

गावे खरी घ्यावीत, माणसे मात्र बनवावीत. खऱ्या शेतकऱ्याचे नाव, आधार क्रमांक किंवा मोबाइल नंबर चाचणीसाठी उचलणे सर्वस्वी गैर आहे.

ट्रान्झॅक्शन सुरू करून ओळी भरल्या, तर ‘रोलबॅक’ने त्या निघून जातात. आपोआप वाढणारे क्रमांक मात्र बहुतेक डेटाबेसांत मागे येत नाहीत. त्यामुळे पहिल्या खऱ्या नोंदीचा क्रमांक १ असेल असे धरून प्रोग्राम लिहू नये.