सिसरूट (क्रॉस-कंपायलर बांधणी)

ज्या यंत्रासाठी प्रोग्रॅम तयार करायचा, त्याच्या हेडर फाइली आणि लायब्ररी बांधणीच्या संगणकावर जिथे ठेवतात ती डिरेक्टरी. तिच्या आतली मांडणी लक्ष्य यंत्राच्या मूळ डिरेक्टरीसारखीच असते. एक्स८६-६४ संगणकावर एआर्च६४ लिनक्ससाठी बांधणी करणारा जीसीसी कंपायलर हेडर शोधतो ते सिसरूटखालच्या 'यूएसआर/इन्क्लूड'मध्ये. संगणकाच्या स्वतःच्या हेडरना तो हात लावत नाही.

जीसीसी कॉन्फिगर करताना 'विथ-सिसरूट' पर्यायाने ही जागा सांगतात. जुना 'विथ-हेडर्स' पर्याय त्यामुळे मागे पडला. लिंकर ज्यात असतो तो बिनयुटिल्स संच बांधतानाही सिसरूटचा पर्याय द्यायला विसरू नये. नाहीतर लिंकर सिसरूटसाठी कॉन्फिगर केलेला नसल्याचे सांगून थांबतो, आणि दोष मात्र जीसीसीत शोधला जातो. सिसरूट जीसीसीच्या एक्झेक-प्रिफिक्सच्या, म्हणजे त्याच्या इन्स्टॉल डिरेक्टरीच्या, आत असेल, तर सगळा संच उचलून दुसरीकडे नेला तरी चालतो. 'विथ-बिल्ड-सिसरूट' वेगळा: तो लक्ष्य यंत्राच्या लायब्ररी बांधण्यापुरता असतो, तयार कंपायलरमध्ये उमटत नाही.

खरी गफलत होते ती ग्लिबसी ही सी लायब्ररी बसवताना. प्रिफिक्स '/यूएसआर' हाच ठेवायचा आणि सिसरूटचा पत्ता इन्स्टॉलच्या वेळी 'डेस्टडिर'मध्ये द्यायचा. प्रिफिक्समध्येच सिसरूट घुसडला, तर लक्ष्य यंत्रावर कधीच नसणारे पत्ते लायब्ररीत कोरले जातात. ग्लिबसीची 'लिबसी.एसओ' ही फाइल सहसा लायब्ररी नसून पूर्ण पत्ते असलेली छोटी लिंकर-स्क्रिप्ट असते. ती सिसरूटच्या आत असली, की त्या पत्त्यांपुढे लिंकर सिसरूट आपणहून जोडतो.

सिम्बॉलिक लिंकला ही सवलत नाही. लक्ष्य यंत्रावरून उतरवलेल्या फाइलसिस्टिममधली '/लिब'पासून सुरू होणारी लिंक कर्नल थेट बांधणीच्या संगणकाच्या मुळाशी नेतो. तिथे लायब्ररी सापडत नाही किंवा भलत्याच प्रोसेसरची सापडते. अशा लिंक आधी सापेक्ष करून घेणे हाच सरळ उपाय.

तयार प्रोग्रॅममध्ये डायनॅमिक लिंकरचा पत्ता मात्र '/लिब/एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१' असा सिसरूटविनाच असतो, कारण तो वाचला जाणार लक्ष्य यंत्रावर. म्हणून असा प्रोग्रॅम बांधणीच्याच संगणकावर क्यूईएमयू या एम्युलेटरच्या यूझर-मोडमध्ये चालवून बघायचा, तर त्याला सिसरूटचा पत्ता 'एल' पर्यायाने वेगळा द्यावा लागतो.