विल्सनबाई आणि त्यांचे चरित्र

गिरगाव चौपाटीसमोरचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने उभे आहे, ते जॉन विल्सन मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. त्यांच्या पत्नी मार्गारेट मात्र आपल्या प्रबोधनाच्या इतिहासात एखाद्या ओळीपलीकडे सहसा भेटत नाहीत. गावदेवीतील सेंट कोलंबा या मुलींच्या शाळेचा आरंभ त्यांनी १८३२ साली केला. शाळेला पुढे नाव मिळाले ते स्कॉटलंडमध्ये ख्रिस्ती धर्म नेणाऱ्या एका संताचे.

मार्गारेट यांचा जन्म १७९५चा. वडील ग्रीनॉक येथे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक होते. १८२८मध्ये विवाह झाला आणि १८२९च्या फेब्रुवारीत हे दांपत्य मुंबईस उतरले. मराठी शिकण्यासाठी आरंभीचे काही महिने त्यांनी कोकणात हर्णैच्या परिसरात काढले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला तो १८३१मध्ये, हे ध्यानात घेतले म्हणजे या अभ्यासाची बिकटता कळते. मुंबईत परतल्यावर बाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. त्या पहिल्या नव्हेत. अमेरिकन मिशनने १८२४मध्येच येथे मुलींची शाळा सुरू केली होती. (पहिलेपणाच्या मानाचा आपल्याकडे फार सोस आहे, म्हणून हा खुलासा.)

हेतू उघड धर्मप्रसाराचा होता. मुलींनी अक्षरे शिकावीत ती बायबल वाचण्यासाठी. मिशनरी लेखनात हिंदू स्त्री येते ती बहुधा कीव करण्याचा विषय म्हणून, हेही विसरता येत नाही. तरीही भिडेवाड्यातील १८४८च्या शाळेआधी दीड तपाहून अधिक काळ एक परकी बाई या मुलींना त्यांच्याच भाषेत वाचायला शिकवीत होती. स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिताना तिला धर्मप्रचारक म्हणून वगळणे मला सोयीस्कर वाटते, न्याय्य वाटत नाही.

अडचण आहे ती साधनाची. १९ एप्रिल १८३५ रोजी बाई मुंबईत निवर्तल्या. १८३८मध्ये एडिंबरोहून त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्यात त्यांची पत्रे आहेत, रोजनिशीतील उतारे आहेत. पण लेखक जॉन विल्सन. कोणते पत्र घ्यावे, उतारा कोठे तोडावा, हे पतीने ठरविलेले. शिवाय धर्मनिष्ठ व्यक्तीच्या चरित्राचा तत्कालीन साचा ठरलेला होता. त्यात शाळेतला रोजचा त्रास, कंटाळा, मुली न येण्याची चिंता यांना स्थान मिळते ते श्रद्धेची कसोटी म्हणून. १९१०मध्ये रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींतून पतीचे चित्र रेखाटले. येथे दिशा उलटी आहे. रमाबाईंच्या पुस्तकात पतीविषयी वाचतानाही लिहिणारी स्त्री सतत दिसत राहते. विल्सनबाईंच्या चरित्रात तिला पतीच्या निवडीआडून शोधावे लागते. स्त्रियांच्या आत्मपर लेखनाचा अभ्यास करणाऱ्यांनी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

बाईंच्या पश्चात त्यांच्या बहिणी ॲना आणि हे या मुंबईस येऊन त्याच कामात पडल्या. मुलगा अँड्र्यू आईच्या मृत्यूच्या वेळी जेमतेम चार वर्षांचा होता. तो पुढे पत्रकार आणि प्रवासी झाला, आणि १८७५मध्ये त्याने हिमालयातील आपल्या प्रवासाचे पुस्तक स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले.